सातबाऱ्यावर नसलेले तास

९ जानेवारी, गुरुवार

गुरुवार म्हणजे एमआयडीसीची सुट्टी. शेजारच्या गाळ्यातला पॉवर प्रेस बंद होता, त्यामुळे आमचं विमान आज लोण्यासारखं उडालं. एरवी प्रेसचा दणका बसला की फरशी हादरते आणि सिम्युलेटरमध्ये बसलेल्या मुलांना वाटतं, ढगातच धक्का बसला. रणजीत सर खरं काय ते सांगत नाहीत. "बघा, किती जिवंत वाटतं!" म्हणून मोकळे होतात.

सर निवृत्त वैमानिक. चिंचवडच्या या गाळ्यात त्यांनी सिम्युलेटर बसवलाय. आत विमानाची हुबेहूब केबिन, समोर मोठे पडदे, पडद्यावर हवी ती धावपट्टी आणि हवं ते हवामान. विमान चालवायला शिकणारी मुलं सरावाला येतात. कागदावर सही सरांची असते, शेजारी दिवसभर बसते मी.

आज सरांनी सांगितलं, पुढच्या महिन्यात आकुर्डीच्या एका कॉलेजात चर्चा आहे. सिम्युलेटरवरचे तास वैमानिकाच्या एकूण उड्डाणतासांत धरावेत की नाहीत? धरावेत, या बाजूने मी बोलायचं. मी म्हटलं, सर, मला तयारीच लागणार नाही, मी बोलायला लागले की मला आवरायची तयारी तुम्ही करा.

माझे हवेतले तास एकशे शहाऐंशी. लायसन्सला दोनशे लागतात. या केबिनमध्ये मात्र मी सहाशेच्या वर तास काढलेत, आणि त्यांचा रकाना वेगळा, बेरजेत धरायचा नाही. घरात मरमर राबायचं आणि सातबाऱ्यावर नाव नाही, तशातली गत. धरले असते तर माझं लायसन्स कधीच हातात असतं.

मुद्दे सुचतील तसे इथे लिहायचे ठरवलंय. इतर काही लिहिलं गेलं तर गेलं.

१४ जानेवारी, मंगळवार

मोनिका तिळगुळाचा डबा घेऊन आली. थेरगावच्या अर्जुनरावांची ही धाकटी. डांगे चौकाजवळ त्यांची दुकानं आहेत, पूर्वी तिथेच शेत होतं. घरात सात पिढ्यांत कुणी विमानात बसलं नव्हतं, आणि ही थेट चालवायला निघाली. विमानशाळेत नाव घातलंय, तिथे एकटीने उडायची वेळ जवळ आलीय, म्हणून आठवड्यातून तीनदा माझ्याकडे सराव.

डबा पुढे करून म्हणाली, "तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि आज तरी मला जमिनीवर उतरू द्या."

"म्हणजे गं?"

"ताई, तुम्ही नेहमी शंभर फुटांवर थांबवता. माझं विमान कधी खाली पोचतच नाही. वरच्यावर लटकलेलं असतं."

हसले मी. तिला समजावून सांगितलं. शंभर फुटांवर चित्र थांबवलं की धावपट्टी किती रुंद दिसते, वेग किती आहे, नाक कुठे आहे, हे शांतपणे बघता येतं. मग तिथूनच परत वर नेऊन पुन्हा यायचं. त्याच्या खालचं सिम्युलेटरवर शिकूच नये. जमिनीचा स्पर्श यंत्राला नीट दाखवता येत नाही, उगाच चुकीची सवय लागते. हे कुणीही मान्य करेल.

मोनिका हुशार आहे. आता चित्र थांबवायला मी बोट उचलायच्या आधीच तिचे हात सैल होतात.

२२ जानेवारी, बुधवार

विमानशाळेतून फोन. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात विमान मोकळं आहे, उरलेले तास पूर्ण करून टाका. माझ्या लेखी परीक्षांची मुदत मे महिन्यात संपते. त्याआधी तास भरले नाहीत तर सगळे पेपर पुन्हा.

मी म्हटलं, चर्चा होऊ दे, मग येते.

पलीकडच्या बाईंनी सुस्कारा सोडला. त्यांनी काय समजायचं ते समजोत. डिसेंबरात धुकं होतं. त्याआधी दिवाळी, त्याआधी भावाचं लग्न, त्याआधी पाऊस. यातलं एकही कारण मी बनवलेलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

गावी जाऊन आले. आबा चाकणच्या कंपनीत पाळ्या करतात, पण जत्रा जवळ आल्या की त्यांचं मन बैलगाडा शर्यतीच्या घाटात. शर्यतीचे बैल चुलत्यांबरोबर भागीत आहेत. आज सराव होता, मलाही नेलं. रिकाम्या घाटात बैल असे पळाले की चुलते टोपी उडवून नाचले.

मी गमतीने विचारलं, "आबा, हे सरावाचे सेकंद जत्रेत का धरत नाहीत?"

"न्हाई बा. सराव त्यो सराव. जत्रंत हलगी वाजती, भोंगा बोंबलतो, दोन्ही अंगांनी माणूस अंगावर येतं. तवा कसा पळतो त्याच्यावर बैलाची पत."

"आणि भ्याला तर?"

"भ्याला तर म्होरल्या जत्रंला पुन्यांदा न्यायचा. गोठ्यात बांधून ठिवला की भ्या वाढतंय. आपण वैरण टाकतो बैलाला, अन् खातंय भ्या."

आबांना सगळं जग घाटातच पळताना दिसतं. विमान आणि बैलगाडा यांत जरा फरक असतो, हे सांगायच्या भानगडीत पडले नाही. जेवताना आईने विचारलं, "कवा संपणार गं तुजं?" मी म्हटलं, होईल. आबा ताटात बघत राहिले.

मागच्या फेब्रुवारीतलं ते आई अजून धरून बसलीय. काही झालं नव्हतं. एकटी उडत होते, उतरताना उजवीकडून वारा आला, विमान सरकलं आणि चाक गवतात गेलं. पंख्याचं पातं मातीला लागून वाकलं. मला ओरखडाही नाही. पट्टा सोडवायला मेकॅनिकला यावं लागलं, कारण बक्कल अडकलं होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

जिंकले! निकाल वगैरे नव्हता, पण टाळ्या कुणाला पडल्या ते सगळ्यांनी ऐकलं.

विरुद्ध बाजूला सुजित, माझ्याच बॅचचा. तो आता एअरलाइनमध्ये आहे. त्याने सुरुवात चांगली केली. "सिम्युलेटरमध्ये आदळलात तर काय होतं? पडदा लाल होतो. मग चहा प्यायचा आणि परत बसायचं. जिथे गमवायला काही नाही, तो तास उड्डाणाचा कसा म्हणायचा?"

मी म्हटलं, "गमवायला काही नाही म्हणूनच तिथे शिकता येतं. इंजिन बंद पडल्याचा सराव खऱ्या विमानात किती वेळा करशील? मी एका दुपारीत वीसदा करून घेते. आणि तू आज जे मोठं विमान चालवतोस ते आधी कुठे शिकलास? सिम्युलेटरवरच ना? की पहिल्याच दिवशी प्रवाशांच्या जिवावर उदार झालास?"

सभागृह हसलं. सुजितही हसला, पण सोडेना. "पण पोटात गोळा येतो, त्याचं काय? तो तिथे येत नाही."

"पोटात गोळा येणं हे कौशल्य नव्हे. त्यावर ओवा खावा."

यावर इतक्या टाळ्या पडल्या की रणजीत सर उभे राहिले. मग मी मोनिकाचं उदाहरण दिलं, नाव न घेता. माझी एक विद्यार्थिनी खऱ्या विमानात थोडेच तास बसलीय, पण तिचे इन्स्ट्रक्टर म्हणतात, ही सगळं शिकूनच आली. ते तास कुठून आले? हवेतून नाही आले.

चहाच्या वेळी सुजित शेजारी आला. हळूच म्हणाला, "संस्कृती, तू परत कधी येतेस? सगळे विचारतात. त्या दिवसानंतर तू..." मी म्हटलं, माझा वडापाव गार होतोय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मोनिका विमानशाळेकडे गेली. जाताना वाकून नमस्कार केला, मला कसंतरीच झालं. विमलकाकू, तिची आई, खाली गाडीत बसल्या होत्या. काच खाली करून म्हणाल्या, "पोरगी तुज्यावर सोडलीया बरं का. आमास्नी त्यातलं काय कळत न्हाई."

मी म्हटलं, काकू, निर्धास्त राहा.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्रीची सुट्टी. दुपारी सरांचा फोन आला. मोनिकाचं विमान उतरताना आदळलं. इन्स्ट्रक्टर सोबत होते म्हणून जिवावरचं टळलं. तिचा उजवा हात मोडलाय, कपाळाला टाके आहेत. इन्स्ट्रक्टरच्या पाठीला लागलंय. रात्रीपर्यंत तिला थेरगावला आणतील.

वारा होता का, मी विचारलं. सर म्हणाले, वारा अजिबात नव्हता.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दवाखान्यात गेले. मोनिकाचा चेहरा सुजलाय, तरी मला बघून हसायचा प्रयत्न केला. विमलकाकू पायाशी बसून होत्या. अर्जुनराव बाहेर कुणाला तरी फोनवर सांगत होते, आता बास, हा नाद सोडायचा, स्थळं बघायला लागायचं.

मी विचारलं, "काय झालं गं नेमकं?"

तिने डोळे मिटले. "सगळं बरोबर होतं, ताई. वेग बरोबर, नाक बरोबर. आजवर शेवटचं उतरणं इन्स्ट्रक्टर सर हातात घ्यायचे, या वेळी ते काही बोलले नाहीत, इतकं बरोबर होतं. आणि मग मी हात सैल सोडले."

"का?"

"मला वाटलं, आता तुम्ही थांबवाल."

विमलकाकूंना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी तिच्या ओठाला पाणी लावलं. मोनिका म्हणत होती, माझाच मूर्खपणा, ताई, तुम्ही तर तिथे नव्हतातच. इन्स्ट्रक्टर तिच्या भरवशावर निवांत होते, त्यांना दांडा ओढायला उशीर झाला.

मी तिला सफरचंद कापून दिलं. निघताना जिन्यात बसून राहिले बराच वेळ.

३ मार्च, सोमवार

नीट विचार केला. शांत डोक्याने लिहायला हवं.

एक तर, चित्र थांबवून शिकवणं ही सगळीकडची पद्धत आहे. दुसरं, विद्यार्थ्याला यंत्र आणि विमान यांतला फरक कळायला हवा, आणि तो शिकवणं विमानशाळेचं काम. तिसरं, इन्स्ट्रक्टर शेजारी होते, हात त्यांचे जवळ होते, माझे नव्हते.

तिन्ही मुद्दे बरोबर आहेत. आकुर्डीच्या सभागृहात यावरही टाळ्या पडल्या असत्या. दोन दिवस झाले, जेवण जात नाही.

६ मार्च, गुरुवार

प्रेस बंद, गाळ्यांची सगळी रांग बंद. सरांकडून किल्ली घेऊन एकटीच गेले.

डावीकडच्या, वैमानिकाच्या खुर्चीत बसले. मागच्या फेब्रुवारीची धावपट्टी लावली, उजवीकडून वारा लावला, आणि ठरवलं की काहीही झालं तरी खाली टेकेपर्यंत थांबवायचं नाही. पहिल्यांदा शंभर फुटांवर थांबवलं. म्हटलं, सवयीने झालं. दुसऱ्यांदाही तेच. चित्र थांबवायचा टॅब्लेट मांडीवर असतो म्हणून बोट जातं, असं वाटलं. तो नेऊन दाराजवळच्या टेबलावर ठेवला. पट्टा बांधला. परत आले खाली.

भान आलं तेव्हा मी पट्टा सोडून केबिनच्या बाहेर उभी होते. टॅब्लेटकडे निघाले होते. मागे पडद्यावर विमान एकटंच जमिनीवर आदळलं आणि पडदा लाल झाला.

त्या दिवशी बक्कल अडकलं नव्हतं. माझे हातच हलत नव्हते. मेकॅनिक "ताई, सोडा" म्हणत होता आणि मला त्याचा आवाज ऐकू येत होता, पण बोटं माझी नव्हती.

मी घाबरले आहे. वर्षभर घाबरलेली आहे. धुकं, दिवाळी, लग्न, पाऊस, सगळं खरं होतं आणि सगळं खोटं होतं. जिथे माझी छाती धडधडायची तिथे मी चित्र थांबवायचे आणि त्याला शिकवणं म्हणायचे. मोनिका ते मन लावून शिकली. सिम्युलेटरचे तास धरा नाहीतर धरू नका, ते तिच्या हातांत उतरले. माझी भीतीसुद्धा उतरली, आणि ती तिला दिली आहे हे मी तिला सांगितलंही नव्हतं.

फरशीवर बसून रडले. गाळा बंद होता ते बरं झालं.

८ मार्च, शनिवार

आधी सरांना सांगितलं. त्यांनी सह्यांचे कागद काढून पुढ्यात ठेवले. मग म्हणाले, "तू थांबवायचीस आणि मी न बघता सही करायचो. दोघांचं मिळून झालंय हे." उद्यापासून मुलांचा सराव ते स्वतः घेणार. ज्यांनी माझ्याबरोबर सराव केला त्या सगळ्यांना फोन करून सांगितलं, शेवटचे शंभर फूट तुम्ही शिकलेलाच नाहीत, इन्स्ट्रक्टरच्या कानावर घाला. फोन मी केले. दोघांनी शिव्या दिल्या, बरोबरच आहे.

मग थेरगावला गेले. मोनिका झोपली होती. विमलकाकू मेथी निवडत होत्या. मी शेजारी बसले आणि सांगायला लागले. शंभर फूट, थांबवणं, हात सैल सोडणं. त्यांना कितपत कळतंय असं वाटत होतं, पण त्यांचा हात निवडायचा थांबला.

"म्हंजी तिनं सोडलं ते तुज्यामुळं?"

"हो."

काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. "तू सोता शेवटची कवा उडलीस?"

"मागच्या फेब्रुवारीत."

"वरीस झालं की. का गं?"

तोंडात धुकं आलंच. "डिसेंबरात धुकं होतं, काकू, आणि..."

"धुकं काय वरीसभर आसतंय व्हय?"

 काकू उठल्या, मेथीची जुडी तशीच ठेवून आतल्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर सोपं गेलं असतं.

"तिचा बाप म्हंतोय, बास झालं. पोरगी रोज रडती, मला जायचंच म्हंती. मला काय कळत न्हाई, कुनाचं आयकू. आता तू सांगायला आलीस, बरं क्येलंस. पन नुसतं सांगून काय व्हतंय? ज्याला सोता भ्या वाटतंय आन् कबूल करवत न्हाई, त्याच्या हाती मी पोर कशी देऊ? आधी तू जाऊन ये. मग बघू माज्या पोरीचं."

चहा दिला. तो प्यायले आणि निघाले.

१३ मार्च, गुरुवार

विमानशाळेत आले. फोनवरच्या त्या बाईंनी नुसती खोली दिली. आज इन्स्ट्रक्टरबरोबर उडाले. उतरताना त्यांच्या हाती देऊन टाकलं. ते म्हणाले, उद्या बघू.

१५ मार्च, शनिवार

उतरले, पण त्यांचा हात माझ्या हातावर होता. रात्री आबांचा फोन आला, ते जत्रेचं सांगत राहिले. यंदा बैल बिचकले, बारी वाया गेली. पुढच्या जत्रेला पुन्हा नेणार म्हणाले.

१९ मार्च, बुधवार

इन्स्ट्रक्टरांनी खाली उतरून बाहेरून दार लावलं आणि थोपटलं. एकटी.

वर गेल्यावर सगळं ठीक असतं. वर मी कधीच घाबरत नव्हते. वळले, धावपट्टी समोर आली, उजवीकडून वारा होताच. पाय पेडलवर लटपटत होते, इतके की विमानाचं शेपूट हलत होतं. जमीन वर यायला लागली. गवत दिसायला लागलं, एकेक काडी. मला ओरडावंसं वाटलं आणि मी ओरडलेही, "आई गं!" हात मात्र सोडले नाहीत. एक चाक आधी टेकलं, मग दुसरं, मग विमान उडी मारून परत टेकलं. मधल्या रेषेपासून बरीच डावीकडे होते. पण धावपट्टीवर होते.

इंजिन बंद केल्यावर पट्टा माझा मीच सोडवला. सुजित असेल तिथे त्याला सांगावंसं वाटलं की ओवा खाल्ला नाही.

मग फोन थेरगावला लावला. विमलकाकूंनी उचलला.

"काकू, उतरले. एकटीने."

"बरं झालं." मागे कुकरची शिट्टी झाली. "भ्या वाटलं का?"

पहिल्यांदा नाही म्हणणार होते. जीभ तशी वळलीसुद्धा होती.

"लई वाटलं, काकू. आजून पाय थरथरत्यात."

 मग त्या पदराने तोंड पुसत असाव्यात, आवाज दबला.

"मग आता शिकव माज्या पोरीला."